घोरपडीचं तोंड

नागपूरच्या आसपास संत्री निघतात, मँगनीज निघतं, कोळसा निघतो. तेल काही निघत नाही. तरीही माझ्या नोकरीतली कित्येक वर्षं तेलविहिरींत उतरवायच्या हत्यारांची चित्रं बघण्यात गेली, आणि तेलविहीर मात्र मी आजतागायत पाहिलेली नाही. या अंकाच्या संपादकांना यात मोठी गंमत वाटली. 'हलकंफुलकं काही द्या' असं त्यांनी कळवलं आहे. सुरुवात तशी करतो. पुढचं माझ्या हातात नाही.

मी रामदासपेठेतल्या एका पेटंट एजंटाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. पेटंट एजंट म्हणजे कोणी काही नवं यंत्र शोधून काढलं तर त्याचा सरकारकडे अर्ज करून देणारा माणूस. अर्ज मान्य झाला की ठरावीक वर्षं ती वस्तू दुसऱ्या कोणाला शोधणाऱ्याच्या परवानगीशिवाय बनवता येत नाही. अर्जात दोन गोष्टी लागतात, मजकूर आणि चित्र. मजकूर आमचे साहेब लिहीत. ते वकील होते आणि त्यांचं एक इंग्रजी वाक्य अर्धं पान चालायचं. चित्र माझं. कचेरीची रीत अशी की आधी चित्र, मग मजकूर. साहेबांना यंत्रातलं ओ की ठो कळत नसे, आणि ते तसं मोकळेपणानं कबूलही करत. माझं चित्र समोर ठेवायचं, त्यातल्या एकेका भागाला मी दिलेला आकडा बघायचा आणि लिहीत जायचं. म्हणजे चित्रात जे नाही ते मजकुरात यायची सोयच नव्हती.

हे काम बाहेरच्यांना वाटतं तेवढं सोपं नाही. ट्रेसिंग क्लॉथवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कडक कापडावर, काळ्या शाईनं रेघ ओढायची. पेटंटच्या चित्रात माप लिहायचं नाही, नुसता आकार दाखवायचा. डाग पडला तर श्वास रोखून ब्लेडनं खरवडायचा. एकदा मे महिन्याच्या दुपारी माझ्याच कपाळावरचा घामाचा थेंब तयार चित्रावर पडला आणि तीन दिवसांचं काम शाईसकट वाहून गेलं. तेव्हापासून मी उन्हाळ्यात डोक्याला टॉवेल बांधून बसायचो. साहेबांना ते आवडत नसे, पण माझ्या चित्रात कधी चूक निघत नसे म्हणून ते सोसत. 'मुंबईच्या पेटंट ऑफिसातून चित्र परत आलं असं या माणसाच्या बाबतीत कधी झालं नाही,' असं ते आल्यागेल्याला सांगत. मलाही ते ऐकायची सवय लागली होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. इतवारीतले एक किराणा व्यापारी उंदराचा पिंजरा घेऊन आले. त्यांच्या धर्मात जीवहत्या नाही, म्हणून पिंजऱ्यात शिरलेला उंदीर एका नळीतून जिवंत बाहेर सोडला जायचा. मी विचारलं, नळी कुठे उघडते? ते म्हणाले, शेजारच्या दुकानात. दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी आपोआप फिरणारं चाक शोधलं होतं. ना वाफ, ना वीज, ना बैल. दर वर्षी त्यात एक नवा वजनाचा लंगर वाढवून ते यायचे आणि मी दर वर्षी नवं चित्र काढायचो. चित्रात ते चाक फार छान फिरायचं.

अशा माणसांना हसण्यात माझा उमेदीचा काळ गेला. वाईट हे झालं की हसायची इतकी सवय लागली की एक खरा शोध दार ठोठावून आला तेव्हाही मी हसलो.

त्याचं नाव मनोहर गजभिये. बहात्तर साली नवा पेटंट कायदा लागू झाला, त्यानंतरची दोन-चार वर्षं असतील. जरीपटक्याकडून सायकल मारत आला होता. कॅरियरवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, ते खांद्यावर टाकून तो आमचे दोन जिने चढला. कोळशाच्या शोधासाठी जमिनीत भोकं पाडणाऱ्या एका कंत्राटदाराकडे तो मिस्त्री होता. शिक्षण नववी. पोतं टेबलावर सोडलं तेव्हा माझी शाईची बाटली उडाली.

"आमच्या साइटवरची मानसं हिले घोरपड म्हनतात, बाबूजी," तो म्हणाला. "पकडलं का सोडत नाई."

आता थोडं भोकांबद्दल सांगायला हवं. जमिनीखाली कोळसा कुठे आणि किती आहे हे बघायला ताटलीएवढ्या रुंदीचं भोक शेकडो फूट खाली नेतात. एकाला एक जोडलेल्या लोखंडी नळ्या फिरवत ते पाडायचं असतं. त्या नळ्यांना रॉड म्हणतात. कधी खोलवर रॉड तुटतो. वरचा भाग हातात येतो, खालचा भोकात राहतो आणि काम अडतं. मग टोपीसारखं एक हत्यार वरून सोडायचं. ते तुटक्या रॉडच्या डोक्यावर बसलं आणि आतल्या जबड्यांनी पकड घेतली की सगळं ओढून काढायचं. वर उभ्या माणसाला खालचं काहीही दिसत नाही. ड्रिलिंगवाले या कामाला मासेमारी म्हणतात. तेलविहिरीतही हाच प्रकार असतो, फक्त तिथे खोली मैलांत असते आणि नुकसान राजाला रंक करील एवढं. त्यामुळे या मासेमारीतली सगळी अक्कल तेलवाल्यांकडून येते. परदेशी पेटंटांची चोपडी साहेब मागवत, त्यांत या हत्यारांची चित्रं मी शेकड्यानं पाहिली होती. आकडे, चिमटे, चोची, सापासारखे वळलेले गळ. एकेक चित्र इतकं विचित्र की हे भोकात जातं कसं असा प्रश्न पडावा. पण अमेरिकेतल्या कोण्या इंजिनियरनं ते काढलेलं, म्हणून मी मान डोलवायचो.

गजभियेनं दुसऱ्या पिशवीतून कागदाची पुडकी काढली. आत कपडे धुण्याच्या साबणाचे गोल गट्टू होते. प्रत्येकावर कसलातरी ठसा उमटलेला.

"हे पाहा बाबूजी, हे उमरेडच्या भोकातलं, हे वणीचं..."

"साबणाचं पेटंट घ्यायचंय का?" मी विचारलं.

तो हसला. मलाही माझा विनोद आवडला. मी म्हटलं, "वस्तू ठेवून जा. माप मी घेतो. समजावून सांगायची गरज नाही, आमचं रोजचंच आहे." त्यानं साबण एकेक करून पुन्हा कागदात बांधला आणि निघून गेला.

मी घोरपड मोजायला घेतली. आतले तीन जबडे एकाच पातळीवर नव्हते, एकाखाली एक पायऱ्यांसारखे बसवले होते. ते मला नवं वाटलं आणि मी ते मोठ्या हौसेनं काढलं. पण टोपीचं तोंड! ते मधोमध नव्हतंच. अंगाच्या मानानं बोटभर एका बाजूला सरकलेलं, आणि त्याचा एक ओठ तिरपा कापून बाहेर वाकवलेला. मी कॅलिपर लावून दोनदा पाहिलं. मग मनात म्हटलं, मेव्हण्याच्या वेल्डिंगच्या दुकानात केलंय असं तोच म्हणाला होता, दुसरं काय होणार.

ड्राफ्ट्समनला पहिल्या दिवशी शिकवतात ती सेंटर लाइन. कागदाच्या मधून एक तुटक रेघ ओढायची आणि यंत्राचं सगळं अंग तिच्या दोन्ही बाजूंना सारखं बसवायचं. एखादी वस्तू या रेघेला धरून नसली की आमच्या हाताला खाज सुटते. मी सेंटर लाइन ओढली आणि घोरपडीचं तोंड तिच्यावर आणून ठेवलं. ओठ कापून गोल केला. चित्र देखणं झालं. आपण एका गरीब मिस्त्रीचं काम सुधारून दिलं असं मला वाटलं, आणि त्या दिवशी घरी जाताना मी खूश होतो.

इथे एक गोष्ट लिहिणं भाग आहे. त्याच जागी कोणी जर्मन इंजिनियर असता तर ते सरकलेलं तोंड पाहून मी विचारलं असतं, "साहेब, हे असं का?" गजभियेला मी विचारलं नाही. तो उत्तर नागपुरातला, छप्पन साली ज्यांच्या घरानं धम्म स्वीकारला त्यांच्यातला, नववी शिकलेला. त्याच्या हातून वाकडं झालं म्हणजे ती चूकच, हे मला तपासून बघावंसंही वाटलं नाही. मी स्वतःला पुढारलेला समजत होतो. चहा मी त्याला आमच्याच कपातून दिला होता, आणि त्याचाही मला मनातून अभिमान होता.

आठवड्यानं तो सही करायला आला. रीतीप्रमाणे चित्राच्या प्रत्येक पानावर मी त्याची सही घेत होतो. साहेब कोर्टात गेले होते. तो पान हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

"बाबूजी, हिचं तोंड सरळ दिसून राह्यलं."

"कागदावर असंच असतं," मी म्हणालो.

"पन हिचं तोंड..."

"गजभिये, तुम्ही भोकाचं बघा, कागदाचं मला बघू द्या. पोस्ट चार वाजता बंद होतं."

त्यानं सही केली. एकेक अक्षर जपून, शाळेतल्या फळ्यावर काढावं तसं.

अर्ज मुंबईला गेला. साहेबांनी त्याला सांगितलं, आता घोरपड कोणालाही दाखवा, घाबरायचं कारण नाही. तो बिचारा दाखवत सुटला. उमरेड, कामठी, वणी, जिथे जिथे रॉड तुटल्याचं कानावर येई तिथे तो घोरपड घेऊन हजर. त्याचा मनसुबा साधाच होता. पेटंट आलं की कंत्राटदाराची चाकरी सोडायची, स्वतःचं वर्कशॉप टाकायचं, घोरपडी बनवायच्या आणि त्या एक दिवस गुजरात-आसामच्या तेलविहिरींवर पाठवायच्या. "तिथं आपल्या हातचं हत्यार मैलभर खाली गेलं पाह्यजे, बाबूजी," असं तो म्हणे. बऱ्याच काळानं पेटंट आलं. त्यानं खरोखर नोकरी सोडली. जरीपटक्यात पत्र्याची शेड घेतली, जुनं लेथ बसवलं आणि आम्हाला पेढे आणून दिले. पेटंटचा कागद त्यानं फ्रेम करून शेडमध्ये लावला होता. त्याच्या खाली माझं चित्रही लावलं होतं. मी पेढा खाल्ला.

वर्ष-दीड वर्षानं तो पुन्हा आमचे जिने चढला तेव्हा हातात पोतं नव्हतं, एक गुळगुळीत कॅटलॉग होता. हत्यारं बनवणाऱ्या बाहेरच्या एका बड्या कंपनीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनं कायद्याबाहेर काहीच केलं नव्हतं. आतल्या पानावर घोरपड होती. नाव दुसरं, जबडे साधे, पण तोंड बोटभर सरकलेलं आणि ओठ तिरपा, बाहेर वाकलेला. खाली छापलं होतं की हे तेल आणि गॅसच्या विहिरींसाठी खास आहे. ज्यानं कोणी ते चित्र काढलं होतं त्यानं समोरच्या वस्तूत काही सुधारणा केली नव्हती.

साहेबांनी आमचं पेटंट काढून शेजारी ठेवलं. दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं. मी माझ्या बोर्डाशी उभा होतो.

"तुमचं पेटंट पायरीच्या जबड्यांवर आहे," साहेब म्हणाले. "यांचे जबडे तसे नाहीत. यांचा सगळा भर तोंडावर दिसतो, आणि ते तर तुमच्या चित्रात सरळच आहे."

"तोंड हाच तर शोध होय, साहेब. जबडे त कोनीबी बसवन."

आणि मग त्यानं पिशवीतून तेच साबणाचे गट्टू काढले. मी तेव्हा जे ऐकून घेतलं नव्हतं ते आता ऐकलं. रॉड तुटला की हा एका नळीत साबण ठासून भोकात सोडायचा आणि दाबायचा. तुटक्या टोकाचा ठसा साबणावर यायचा. खाली नेमकं काय झालंय ते कळायचा तोच एक मार्ग. सगळे मिस्त्री ठसा बघून साबण फेकून देत. यानं ते जपून ठेवले. एक दिवस सगळे ओळीनं मांडले तर प्रत्येक ठसा साबणाच्या कडेला होता. मधे एकही नाही.

"तुटलेला रॉड मधात उभा राह्यतच नाई, साहेब. भिंतीले टेकून राह्यते. सरळ तोंडाची टोपी त्याच्या बाजूनं निघून जाते. म्हनून मी तोंडच कडेले नेलं. हळूहळू फिरवलं का ते भिंतीभिंतीनं जाते आन् रॉडले आत घेते."

साहेब यंत्रातलं न कळणारे गृहस्थ. त्यांनासुद्धा ते एका दमात कळलं.

"मग हे चित्रात का नाही?" ते म्हणाले. "सही करताना सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगतलं होतं. बाबूजीले विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते म्हणाले, "हे बघा, नीट आठवून सांगा. शोध करणाऱ्यानं सांगूनही कचेरीकडून चित्रात राहून गेलं असेल, तर तसं लेखी देऊन दुरुस्तीचा अर्ज करून पाहता येईल. मान्य होईलच असं नाही. पण तेवढी एकच वाट आहे. नवा अर्ज आता चालणार नाही, वस्तू सगळ्यांनी पाहिली आहे. यांनी सांगितलं होतं का तुम्हाला?"

लोक अशा वेळी पोटापाण्याचं कारण सांगतात. मला ते सांगता येणार नाही. माझी नोकरी जाणार नव्हती. साहेब दोन शब्द बोलले असते आणि दुपारी चहा एकत्रच झाला असता. फार तर माझ्या चित्रात चूक निघत नाही हे त्यांचं वाक्य त्यांनी पुढे कोणाला ऐकवलं नसतं. एवढंच जाणार होतं.

"तसं काही आठवत नाही," मी म्हणालो.

पुढे त्याचं काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण त्या दिवशीचं उरलेलं लिहून झाल्यावर मला आणखी काही लिहवणार नाही. शेड वर्षभरात बंद झाली. लेथ विकलं गेलं. गजभिये त्याच कंत्राटदाराकडे परत मिस्त्री म्हणून लागला. कंत्राटदारानं तोवर कंपनीची हत्यारं मागवली होती. रॉड तुटला की तीच घेऊन तो मासेमारी करायचा. त्याच्या साइटवरचा एक सुपरवायझर मला सांगत होता की माणसं त्या हत्याराला अजून घोरपडच म्हणतात, आणि नवीन आलेल्यांना वाटतं की ते कंपनीनं दिलेलं नाव आहे. मी त्याच कचेरीत निवृत्तीपर्यंत राहिलो. परदेशी चोपड्यांत पुढे त्या तऱ्हेची तोंडं अधूनमधून दिसत राहिली. कुठे कुठे थोडा फेरफार करून नवं पेटंट घेतलेलं असे. मी त्यांना क्रमांक टाकून कपाटात लावत असे.

त्या दिवशी साहेबांनी फाइल मिटली. गजभियेनं साबण पुन्हा कागदात बांधला. घाई केली नाही, आवाज चढवला नाही. साहेबांना नमस्कार केला आणि जिना उतरला. मी त्याच्या मागे गेलो. का गेलो ते मला सांगता येत नाही. बहुधा त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं म्हणून. तो खाली रस्त्यावर सायकलचं कुलूप काढत होता.

"गजभिये," मी म्हटलं, "साहेबांसमोर एकदम... म्हणजे मला खरंच..."

त्यानं पिशवी हँडलला अडकवली आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमी नाई म्हटलं असतं, त मी भांडलो असतो, बाबूजी. म्हटलं असतं, हा मानूस खोटं बोलून राह्यला. तुमी म्हटलं आठवत नाई. आता मी कोनाशी भांडू?"

मग तो सायकलवर टांग टाकून निघून गेला.

मला तेव्हाही सगळं आठवत होतं.